ठेंगीला पाहू दिलंस का?

सोमवार, ४ डिसेंबर

प्राध्यापकीणबाईंना,

धाकट्या बहिणीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, तेव्हा तो लिहिला असं समज आणि पुढे वाच.

पार्सल मिळालं. अकरावं. वर तुझ्या ठसठशीत अक्षरात आईचं नाव, खाली वीटभट्टीचा पत्ता, कोपऱ्यात दरवर्षीसारखं "लोकरीचे मोजे". पोस्टमन नवीन आहे. दारात उभा राहून म्हणतो, "आजींना बोलवा, सही लागेल." मी म्हटलं, "आजींना जाऊन अकरा वर्षं झाली. सही पाहिजेच असेल तर तिकडे जाऊन आण." बिचारा इतका गडबडला की पेन इथेच टाकून सायकलवर बसला. तेच पेन वापरतेय.

दर डिसेंबरात मेलेल्या बाईच्या नावाने लोकरीचे मोजे पाठवायचे, हा कुठला शहाणपणा? मला कळत नाही असं समजू नकोस. ताईने वेळेवर कळवलं नाही, ताईने परस्पर उरकलं, ताईने तोंड पाहू दिलं नाही, हेच तुला दरवर्षी लोकरीत गुंडाळून माझ्या दारात टाकायचं असतं. तर बाई, अकरा वर्षांपूर्वी सांगितलं तेच पुन्हा सांगते. आई सकाळी दूध पिता पिता गेली. तासाभरात सगळं आटोपलं. तू येईपर्यंत मी तिला काय बर्फावर ठेवायची होती? संपलेलं माणूस घरात ठेवू नये आणि संपलेलं जनावर गोठ्यात ठेवू नये. नजरेआड करावं, फरशी फिनेलने पुसावी आणि कामाला लागावं. बाबांनी हेच केलं, मीही हेच करते.

तुझं नवं पुस्तक बघितलं. विकत घेतलेलं नाही, हुरळून जाऊ नकोस. जनावरांच्या डॉक्टरच्या पिशवीत सुया आणि जंताच्या औषधाच्या मधोमध होतं. पहिलंच वाक्य वाचलं: "माझ्या बहिणीने तीस वर्षं गाढवं हाकली, पण गाढवाच्या आत कोणी राहतं, असं तिला एकदाही वाटलं नाही." वा! आत कोणी राहतं! भाडेकरू आहे का गं? जिच्या भट्टीतल्या विटांवर तुझं कॉलेज झालं, तिला जगापुढे दगड ठरवलंस. डॉक्टर पोरगा माझ्याकडे असा बघत होता, जणू पुस्तकातलं चित्र समोर चालत आलंय.

तर आता तुझ्या संशोधनासाठी एक ताजा दाखला देते. काल, रविवारी सकाळी कानफाटी मेली. आठवत असेल. तिचा कान तारेत अडकून फाटला तेव्हा टाके घालताना तिचं डोकं तूच मांडीवर धरलं होतंस आणि नंतर माझ्या साडीला हात पुसले होतेस. ठेंगी तिची जोडीदारीण. चौदा वर्षं दोघी एका दोरीत, एका दावणीला. सकाळी सातला मेलेली दिसली. नऊ वाजता ट्रॅक्टरला बांधून मातीच्या खाणीमागच्या खड्ड्यात टाकली. दहा वाजता ठेंगीच्या पाठीवर विटा लादल्या, आणि ठेंगी चालली. रडली नाही, भुईवर लोळली नाही, शोकसभा भरवली नाही. दिवसभर मुकाट्याने खेपा केल्या. कुठे गेला तुझा आतला भाडेकरू?

हे छाप आता पुढच्या पुस्तकात. मोजे परत पाठवते. आणि फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं. कागद बरा, चुलीत घालता येतो.

ताई


गुरुवार, ७ डिसेंबर

प्राध्यापकीणबाई,

तुझं उत्तर आलेलं नाही आणि मी त्यासाठी लिहीतही नाहीये. अर्धी माहिती देऊन खोटेपणा केला असं तू चार लोकांत सांगत फिरशील, म्हणून उरलेली अर्धी कळवते.

रविवार संध्याकाळपासून ठेंगी खात नाही. आधी वाटलं नखरे आहेत. मग वाटलं दात. जबड्यात कोपरापर्यंत हात घालून बघितलं, दात माझ्यापेक्षा बरे आहेत. सोमवारी चारा बदलला, मंगळवारी हातावर ओला भुसा धरून अर्धा तास वाकून उभी राहिले. माझी कंबर गेली, तिने ओठसुद्धा हलवला नाही. गाढवाला गुळाची चव नसते म्हणतात, हिला तर भुशाचीही राहिली नाही.

विटा लादायच्या जागी जाते आणि उजवीकडे एका गाढवाची जागा सोडून उभी राहते. मुकादमाने ढकलून मध्ये आणली तर पुन्हा डावीकडे सरकते. चारला दोघींना सोडायची वेळ. चार वाजले की फाटकाशी जाऊन खाणीच्या दिशेने ओरडते. थांबते, कान पुढे करते, परत ओरडते. ही नुसती सवय आहे, बाकी काही नाही. आपल्या घरातलं घड्याळही चारला चार टोले देतं, म्हणून त्याला काय सुतक पडतं?

तुझा तो आरशाचा प्रयोगही करून बघितला. जनावराच्या कपाळाला रंग लावायचा, आरसा दाखवायचा, आणि त्याने स्वतःचं कपाळ घासलं तर ते शहाणं. बरोबर ना? मी ठेंगीच्या कपाळाला चुन्याचा टिपका लावला. आईच्या कपाटाचा आरसा मुकादमाने उचलून आणला. सगळी भट्टी काम सोडून बघत होती. ठेंगीने आरशात बघितलं. कान टवकारले. चार दिवसांत पहिल्यांदा शेपटी हलली. मग ती आरशाला वळसा घालून मागे गेली आणि तिथे हुंगत राहिली. मागे मुकादम होता, तिने त्याचा सदरा हुंगला आणि मान खाली घातली. झालं! नापास! स्वतःचं थोबाड ओळखता येत नाही आणि म्हणे माणसाच्या बरोबरीचं मन. लोक हसले. मीही हसले. मुकादम तेवढा हसला नाही, पण त्याला दमा आहे.

काल डॉक्टर येऊन गेला. हिरड्या बघितल्या, रक्त काढलं. म्हणाला, गाढव खायचं थांबलं की त्याच्या अंगातली चरबी रक्तात उतरते आणि काळीज बंद पडतं. अजून तीन-चार दिवस असेच गेले तर हातात काही राहणार नाही. नाकातून नळी घालून साखरपाणी दिलं. मग नळी गुंडाळता गुंडाळता विचारतो, "हिला मढं दाखवलं होतं का?"

मी म्हटलं, "दाखवायला ती काय नवरीमुलगी होती?"

"तसं नाही ताई. जोडीतलं एक मेलं की दुसऱ्याला थोडा वेळ त्याच्याजवळ राहू द्यायचं असतं. ते हुंगतं, चाचपतं, मग स्वतःच बाजूला होतं. हिच्या लेखी कानफाटी मेलेलीच नाही. कुठेतरी गेलीय. म्हणून ही वाट बघतेय."

"हे कोणी सांगितलं?"

"तुमच्या बहिणीच्या पुस्तकात आहे."

मी म्हटलं, "डॉक्टर, औषध असेल तर द्या. पुस्तक असेल तर निघा."

औषध देऊन गेला.

ताई


शनिवार, ९ डिसेंबर

कार्ड मिळालं.

एवढी विद्वान बाई, तासन्‌तास व्याख्यानं झोडते, आणि बहिणीला लिहायला एक ओळ! वर मायना नाही, खाली सही नाही. "ठेंगीला पाहू दिलंस का?"

मला काय दुधखुळी समजतेस? तू कोणाचं विचारतेस ते मला कळत नाही का? ठेंगीचं नाव पुढे करून मागून नेम धरतेस. लहानपणापासून तुझी हीच खोड. आंबट लागलं की स्वतः बोलायचं नाही, "ताईला आवडलं नाही" म्हणायचं.

नाही पाहू दिलं. ऐकलंस? ठेंगीला नाही आणि तुलाही नाही. काय करशील?

सात वर्षं आई अंथरुणात होती. तू वर्षातून दोनदा यायचीस, फळं घेऊन, गळ्यात पडून, "आई किती वाळलीस गं" म्हणून डोळे पुसून चौथ्या दिवशी गाडीत. तिचं अंग मी पुसलं. चादरी मी बदलल्या. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस मी वळवली, सकाळी भट्टी आणि दुपारी आई, संध्याकाळी दोन्ही. आणि बाहेर कोणाची चाहूल लागली की ती काय विचारायची? "किरकिरी आली का?" तू रडकी म्हणून तुझं नाव किरकिरी पडलं, त्याचं कौतुक तिला ऐंशीव्या वर्षीही होतं. मी समोर, चमचा माझ्या हातात, आणि विचारणार कोणाबद्दल, तर तुझ्याबद्दल! पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. त्या चार दिवसांत तर

चार दिवस लिहून बसले. पोस्टमनचं पेन आहे, खोडलं तरी खाली दिसेल. राहू दे.

ठेंगी आज बसली. गाढव दिवसाउजेडी सहसा बसत नाही, आणि आजारी गाढव बसलं की उठत नाही. खालचा ओठ लोंबतोय. डॉक्टर सकाळी नळी घालून गेला. जाताना म्हणाला, कानफाटीच्या वासाची एखादी वस्तू असेल तर तिच्यापुढे ठेवा, तिच्या पाठीवरची गादी वगैरे. गादी होती ना. चौदा वर्षं तिच्या पाठीवर होती, घामाने ताठ झालेली. रविवारी दुपारी मीच ती गरम पाण्यात बुडवली, दोनदा फिनेल घातलं आणि दगडावर आपटून उन्हात टाकली. दोरी जाळली. दावण धुतली. मेलेल्याचं काही मागे ठेवायचं नाही म्हणून इतकं चकचकीत केलं की आता कानफाटीचा एक केससुद्धा सापडत नाही.

तरी ती धुतलेली गादी आणून ठेंगीच्या नाकाशी धरली. ती शिंकली.

आईचे कपडेही मी त्याच दिवशी धुतले होते. तुला ठाऊक आहे. तू आलीस तेव्हा दोरीवर वाळत होते आणि तू फाटकातून त्यांच्याकडेच बघत उभी राहिलीस. आत आली नाहीस. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, भांडण वाचलं.

ही गाढवी मेली तर त्याचं खापर माझ्यावर फोडू नकोस.

ताई


सोमवार, ११ डिसेंबर

प्राध्यापकीणबाई,

हे पुस्तकात घातलंस तर कोर्टात खेचेन.

काल दुपारी मी कानफाटीला उकरून काढलं.

शनिवारी पत्र टाकून आल्यावर मुकादमाला सांगितलं, उद्या फावडी घेऊन दोघांना बोलव. तो म्हणाला, "ताई, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणतील, ताईला वेड लागलं. तीस वर्षं दगड म्हणाले, आता वेडी म्हणू दे, तेवढाच बदल." विटा पाडणाऱ्यांपैकी दोन गडी आले, सुरुवातीला फिदीफिदी हसत होते. एक म्हणाला, "ताई, गाढवाचं वर्षश्राद्ध का?" मी त्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि स्वतः खणायला लागले, तेव्हा त्याचं हसू आटोपलं. साठी उलटलेल्या बाईला खणताना बघत उभं राहायला कोणाला बरं वाटतं? त्याने परत मागितलं, मी दिलं नाही.

वरची माती काढली. एका बाजूने उतार केला, म्हणजे तिला खाली जाता यावं. चिकणमाती आणि ही थंडी, म्हणून वाटलं होतं तेवढं बिघडलं नव्हतं. तरी नाकाला फडकं बांधावंच लागलं. मी पाणी मागवून कानफाटीचं तोंड धुवायला निघाले होते. हात तसाच सवयीने गेला. मुकादमाने मनगट धरलं. चाळीस वर्षांत त्या माणसाने मला कधी हात लावला नव्हता. म्हणाला, "ताई, धुऊ नका. या वेळी नको."

मी त्याला "गप्प बस" म्हटलं. पण पाणी ओतून दिलं.

ठेंगीला फळीवर घेऊन ट्रॉलीतून आणली. उताराच्या तोंडाशी दोघांनी पोटाखाली हात घालून उठवली, तर चार पाय रोवून उभी राहिली. ओढली तर मान मागे. मी दोरी सोडून दिली. बाबांनी शिकवलंय की गाढवाची दोरी सोडायची नाही. पण सोडली. थोडा वेळ तिने नुसतं हुंगलं. मग कान पुढे गेले आणि एकेक पाऊल टाकत ती आपली आपण खाली उतरली.

तिने कानफाटीचा फाटका कान ओठांत धरला आणि ओढला. रोज सकाळी दावणीत कानफाटी पडून राहिली की ही तिला अशीच उठवायची, मी हजारदा बघितलं होतं आणि हजारदा त्यांना हाकललं होतं. एकदा ओढला. थांबली. दुसऱ्यांदा ओढला. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा कान थोडा मुळापासून सुटल्यासारखा झाला आणि तिने तो लगेच सोडला. मग तोंड, मान, पोट, सगळं हुंगत गेली. आणि नुसती उभी राहिली. ओरडली नाही. मी घड्याळ लावून बसले होते, एक तास दहा मिनिटं. ते दोन गडी टोप्या काढून बसले होते, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी काय करत होते ते विचारू नकोस. फडकं नाकावरून डोळ्यांवर घ्यावं लागलं एवढंच सांगते.

मग ती वळली. उतार चढून वर आली आणि मागे न बघता दावणीकडे चालायला लागली. आम्ही मागून. घरी आल्यावर अर्धी बादली पाणी प्यायली. संध्याकाळी मूठभर वाळलं गवत खाल्लं. डॉक्टर म्हणतो, अजून आठवडाभर काही खरं नाही, काळजाला मार बसलाय, पण खातेय तोवर आशा आहे. आज चार वाजता ती फाटकाशी गेली नाही. विटा लादायच्या जागी मी मुद्दाम उभी करून बघितली, विटांशिवाय. उजवीकडे जागा सोडली नाही. मधोमध उभी राहिली.

खड्डा बुजवताना मुकादम म्हणाला, "ताई, तेव्हाही मी म्हटलं होतं, धाकटीला फोन लावू का. चारही दिवस म्हटलं होतं."

मी म्हटलं, "माती ओढ."

यावरून तू खरी ठरलीस असं समजू नकोस. गाढवाच्या आत कोणी राहतं की नाही, मला माहीत नाही. तू मात्र पुस्तक लिहिताना माझ्या आत डोकावून बघितलं नव्हतंस, हे मला माहीत आहे.

ताई


शनिवार, १६ डिसेंबर

किरकिरे,

तुझं दुसरं कार्ड आलं. आता दोन ओळी. प्रगती आहे. "गाढवासाठी खड्डा खणलास. माझ्यासाठी काय खणशील?"

कार्ड वाचून आधी चुलीशी गेले. टाकलं नाही. वर्मावर बरोबर घाव घालायला तू कोणाकडून शिकलीस? माझ्याकडूनच.

तुझ्यासाठी खणायला आता काही उरलेलं नाही. ते मीच उरू दिलं नाही. म्हणून लिहिते. हेच बघ आणि हेच हुंग, दुसरं माझ्याकडे नाही. मध्येच कागद फेकू नकोस, ठेंगीसुद्धा एक तास दहा मिनिटं उभी राहिली.

आई तासाभरात गेली नाही. तिला चार दिवस लागले. सोमवारी तिने गिळणं सोडलं, गुरुवारी सकाळी साडेआठला गेली. तू सोमवारी निघाली असतीस तर मंगळवारी दुपारी तिच्याजवळ असतीस. फोन हाताच्या अंतरावर होता. मुकादम रोज विचारायचा. मी म्हणायचे, उद्या बघू.

का, ते विचारशील. त्याच महिन्यात तुझा तो लेख आला होता, भट्टीवरच्या गाढवांचे हाल म्हणून, आणि त्यात काठी घेतलेली मी. लोक मला वाचून दाखवायचे. राग होता. पण नुसता राग असता तर मी तुला बोलावून तोंडावर भांडले असते. खरं सांगते, चार दिवस आई तुझंच नाव घेत होती, आणि मला वाटत होतं की तू आली नाहीस तर शेवटी तरी ती माझं नाव घेईल. शेवटी उरलेली मीच असेन. एवढ्यासाठी. एवढ्याशा गोष्टीसाठी मी शेण खाल्लं.

तिने घेतलं नाही. बुधवारी संध्याकाळी तिने विचारलं, "किरकिरीला कळवलं?" मी म्हटलं, "कळवलंय. ती कामात आहे, येत नाही." तुझ्या तोंडचं उत्तर मी देऊन टाकलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं, की खरं वाटलं, ते मला अकरा वर्षांत ठरवता आलेलं नाही. म्हणाली, "असू दे. मोजे मात्र काढू नकोस."

मोजे म्हणजे तू शाळेत असताना विणलेले ते पहिले. एक टाच वाकडी, एक मोजा आखूड. ट्रंकेत होते. सोमवारी पाय गार पडले तेव्हा तिनेच मागून घेतले. चार दिवस मला काढू दिले नाहीत.

आता तोंड. तिचं तोंड उघडं राहिलं नाही, त्याची तू काळजी करत असशील. मिटलेलं होतं, डाव्या कोपऱ्यात जरा वाकडं, तुझा अभ्यास बघताना हसू दाबायची तसं. डोळे मी मिटले. उजवा लगेच मिटला, डावा दोनदा मिटावा लागला. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. मला आधी कळलंच नाही काय वेगळं दिसतंय. केस मोकळे होते, पुढे पांढरे आणि मानेपाशी मूठभर अजून काळे. मी विंचरून वेणी घातली. हात अजून उबदार होते, बोटांची नखं मी रविवारीच कापली होती. डाव्या हाताच्या अंगठ्याला, मी ओठ ओले करताना सांडलेला दुधाचा थेंब वाळलेला होता. अंगाला तिच्या तेलाचा आणि औषधाचा वास होता, आणि मानेपाशी, कानाच्या मागे, लहानपणी आपण तिच्या कुशीत शिरलो की यायचा तो. तो तिथे शेवटपर्यंत होता. मग मी तिला धुतलं.

मोजे धुतले नाहीत. पायातच राहू दिले. ती तुझे मोजे घालून गेली, किरकिरे. वाकड्या टाचेचे. हे मी तुला कधी सांगणार नव्हते. तुझ्याकडे तेवढंही असू नये असं वाटायचं.

माफी मागत नाही. अशी गोष्ट माफ करायची नसते, आणि तू करशील इतकी मऊ नाहीस. माझीच बहीण आहेस.

परवापर्यंत मला वाटायचं तू ती पार्सलं मला डिवचायला पाठवतेस. आता वाटतं, तू फाटकाशी उभी राहून ओरडत होतीस. अकरा वर्षं. आणि इकडून मी म्हणत होते, सवय आहे, दुसरं काय.

ठेंगी खातेय. थोडं थोडं, नाक मुरडत. माझ्या हातचं अजून घेत नाही, मुकादमाच्या हातचं घेते. बरोबर आहे तिचं.

सगळी पार्सलं आईच्या ट्रंकेत आहेत, परत पाठवते म्हटलेलं हेसुद्धा. एकही फोडलेलं नव्हतं. आज या वर्षीचं फोडलं. टाच सरळ जमायला लागलीय तुला. पण आता तिच्या नावाने पाठवू नकोस. ती नाहीये. ती गुरुवारी सकाळी साडेआठला गेली, मी जवळ होते.

या वर्षीचे घालून बघितले, बोटांशी आवळतात. माझा पाय आईपेक्षा बोटभर मोठा आहे.

ताई